जुन्या गाडीचे इंजिन: आधी निदान, मग पाना

जुन्या गाडीच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो अंदाजाने सुटे भाग बदलण्यात. गाडी मिसिंग करते म्हणून प्लग बदलले, फरक पडेना म्हणून कॉइल बदलली, तरी तेच म्हणून कार्ब्युरेटर खोलला, आणि शेवटी दोष निघाला बॅटरीच्या सैल अर्थिंगमध्ये. असा प्रकार गॅरेजांत नेहमी घडतो. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत असे तीन-चार अंदाज चुकले, की खर्चाचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या आसपास जाऊन पोहोचतो. म्हणून हात आखडता असेल तेव्हा निदानासाठी दिलेला वेळ हीच खरी काटकसर. त्याची साधनेही फार नाहीत: प्लगपाना, फिलर गेज, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एक वही.

मारुती ८०० हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी तालुक्याच्या गावांत ती अजून धावताना दिसते. तिचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन बॉनेट उघडताच बरेचसे नजरेत येते. आधीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर होता. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. दोन्हींत इंजिनाची गरज मात्र एकच राहिली. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब म्हणजे कॉम्प्रेशन, यांपैकी कुठे उणे आहे ते ठरवणे म्हणजे निदान.

त्याची सुरुवात तक्रार नेमकी लिहून काढण्यापासून होते. ‘पिकअप नाही’ एवढ्याने काही कळत नाही. इंजिन थंड असताना त्रास होतो की गरम झाल्यावर, चढावर होतो की सिग्नलला उभे असताना, पाऊस पडल्यावर होतो की टाकी भरून घेतल्यानंतर सुरू झाला, या नोंदींनीच अर्धा शोध संपतो. दमट हवेत सकाळी मिसिंग करणारी आणि ऊन चढल्यावर सुतासारखी चालणारी गाडी ठिणगीच्या वाटेत ओल असल्याचे सांगत असते. तीस-चाळीस किलोमीटरनंतर बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी गाडी वेगळेच काही सांगते. आणखी एक शिस्त पाळावी लागते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून पाहायची. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली हे कळत नाही. बिघडली, तर मग काहीच कळत नाही.

पहिली तपासणी बॅटरीची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १२ च्या खाली आकडा असेल तर बॅटरी जवळपास रिकामी आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या बरेच खाली घसरू नये, आणि इंजिन सुरू झाल्यावर ते साधारण १३.८ ते १४.५ व्हावे, न झाल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पाहावा. आकडे ठीक असूनही सेल्फ जेमतेम फिरत असेल, तर मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. टर्मिनल घासून साफ करणे आणि अर्थिंगची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवणे याला काहीच खर्च येत नाही. जुन्या गाडीत हा दोष इतका आढळतो, की तो तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये.

त्यानंतर प्लग. तिन्ही प्लग काढून, कोणता कोणत्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून, ओळीने मांडावेत. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा करडा असेल तर त्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होते आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. काळा आणि तेलकट प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल उतरते आहे. पांढुरका, फोड आल्यासारखा दिसणारा प्लग म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे किंवा इंजिन तापते आहे. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे इंधन पोहोचले, पण ठिणगी पडली नाही. तिन्ही सारखे काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये किंवा एअर फिल्टरमध्ये शोधावा. एकच वेगळा असेल तर त्या एका सिलिंडरच्या मागे लागावे. एवढ्या कमी श्रमात एवढी माहिती देणारी दुसरी तपासणी नाही, आणि तरीही गॅरेजांत जुने प्लग न बघताच फेकले जातात.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे चालत्या इंजिनावरही कळते. इंजिन आयडलिंगवर ठेवून एकेका प्लगची वायर क्षणभर काढली, की इंजिनाचा ताल बिघडायला हवा. जी वायर काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच निकामी आहे. या वायरीत हजारो व्होल्ट असतात, त्यामुळे इन्सुलेटेड पक्कड वापरावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर काढलेली वायर मोकळी न ठेवता तिच्यात जादा प्लग अडकवून तो इंजिनाच्या धातूला टेकवावा, नाहीतर इग्निशनचे मॉड्यूल जळू शकते. दोषी प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये घालून पाहिला आणि दोषही त्याच्याबरोबर गेला, तर फक्त प्लग बदलायचा. गेला नाही, तर वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर पाहायचे. अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू ठेवले, तर चिरलेल्या वायरीतून निसटणाऱ्या निळसर ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. कोकणात पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत ओल धरते; कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसली, की बंद पडलेली गाडी बरेचदा तिथेच सुरू होते. पुसल्यावर आत केसासारखी काळी रेघ दिसली तर मात्र कॅप बदलावीच लागते. ज्या जुन्या मॉडेलांत पॉइंट आहेत, तिथे त्यांची फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर आणि प्लगची ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावी.

ठिणगी चांगली आहे असे ठरल्यावरच इंधनाकडे वळावे. कार्ब्युरेटरला हात लावण्याचा मोह इथे सर्वांना होतो, पण त्याआधी फिल्टर, नळ्या आणि पंप पाहणे स्वस्त पडते. चालत्या इंजिनात जोराने फुस्स आवाज येत असेल, आयडलिंग वर-खाली होत असेल, तर व्हॅक्यूमची एखादी रबरी नळी चिरून जास्तीची हवा आत शिरत असते. संशयित जागी थोडे पाणी फवारल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तर चीर सापडली.

उन्हाळ्यातला एक त्रास मुद्दाम वेगळा ओळखावा लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात कार्ब्युरेटरची गाडी गर्दीत अडकली, की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती पुढे ढकलू शकत नाही. गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइलही नेमकी अशाच वेळी गाडी बंद पाडते. दोन्हीत गाडी थंड झाल्यावर सुरू होते, म्हणून गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो. फरक रस्त्यातच पाहावा लागतो. गाडी बंद पडताच जादा प्लग वायरीला लावून, पेट्रोलच्या वाफेपासून लांब इंजिनाच्या धातूला टेकवून, सेल्फ मारायचा. ठिणगी दिसली तर कॉइल सुटली, दोष वाफेचा. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवल्याने गाडी सुरू झाली तर खात्रीच पटते. डब्यात एक जादा प्लग ठेवण्याइतकीच या चाचणीची किंमत आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचाही विचार आता करावा लागतो. देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाच्या संपूर्ण ज्वलनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून हे पेट्रोल गेले, की मिश्रणात इंधन किंचित कमी पडते. एमपीएफआय गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे काही अंशी सावरतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, वायसर त्याने फुगतात किंवा तडकतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे अधिक जाणवते. अशा गाडीच्या इंधनाच्या नळ्या दोष दिसण्याची वाट न पाहता बदलाव्यात, कारण तिथे गळती झाली तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

पीयूसी तपासणीची पावती हेही निदानाचे फुकट मिळणारे साधन आहे, आणि ते बहुतेक लोक न वाचताच गाडीच्या कप्प्यात टाकतात. तिच्यावर आयडलिंगला बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण छापलेले असते. भारत स्टेज-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के होती, भारत स्टेज-२ आणि ३ च्या मोटारींना ०.५ टक्के. कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे: चोक अडकला, एअर फिल्टर तुंबला किंवा फ्लोटची पातळी चुकली. तो कमी असून हायड्रोकार्बन वाढले असतील तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे मिसिंग आहे. लागोपाठच्या दोन पावत्या शेजारी ठेवल्या, तर इंजिन कोणत्या दिशेला चालले आहे तेही दिसते.

धुराची भाषा जाणकार मेकॅनिकला तोंडपाठ असते. काळा धूर जास्तीच्या पेट्रोलचा, निळा जळणाऱ्या ऑइलचा. थंडीत सकाळी दिसणारी आणि विरून जाणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. इंजिन तापल्यावरही टिकणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असल्याची, बहुधा हेड गॅस्केट गेल्याची खूण. निळ्या धुरात आणखी बारकावा आहे. खंबाटकीसारखा घाट उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो आणि सिलिंडरमध्ये ओढ वाढते. घाट संपल्यावर पाय देताच निळ्या धुराचा लोट निघाला, तर ऑइल व्हॉल्व्हच्या सीलमधून येते आहे. चढावर जोर देताना सतत निळा धूर असेल तर संशय रिंगांवर जातो. सील बदलण्याच्या आणि रिंगा बदलण्याच्या खर्चात फार मोठे अंतर आहे, म्हणून हा फरक ओळखणे महत्त्वाचे.

शेवटचा निवाडा कॉम्प्रेशन गेजचा. हे उपकरण अनेक गॅरेजांत असते, आणि इंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला तर आधी ही चाचणी मागण्याचा गाडीमालकाला पूर्ण अधिकार आहे. इंजिन गरम करून, सर्व प्लग आणि इग्निशनची जोडणी काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारायचा. निरोगी पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते १८० पीएसआय येतो. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांहून जास्त नसावा. एका सिलिंडरचा आकडा पडलेला असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, कारण ऑइलने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवल्या. चढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट गेलेले असते.

मात्र हा निवाडा देण्याआधी टॅपेटची फट मोजायलाच हवी. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि सिलिंडर आजारी नसताना दाब कमी दिसतो. एलपीजी किंवा सीएनजीवर धावलेल्या जुन्या गाड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजून असे घडते. टॅपेट सेटिंगला थोडी मजुरी लागते. ती न करता इंजिन खोलले तर तो अन्याय आहे.

आवाजांपैकी वरून येणारी बारीक टकटक बहुधा टॅपेटची. खालून येणारे, भार पडल्यावर वाढणारे जड ठोके बेअरिंगचे. एका प्लगची ठिणगी बंद केल्यावर ठोका मंदावला, तर त्याच सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले आहे. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करावी. पुढचा एक किलोमीटरही इंजिन संपवू शकतो.

एमपीएफआय गाड्यांत संगणक स्वतःच नोंद ठेवतो. २०१० पासून भारत स्टेज-४ बरोबर आलेल्या गाड्यांत मोबाइलला जोडला जाणारा स्वस्त स्कॅनर ती वाचतो. त्याआधीच्या काही मारुती गाड्यांत ठरावीक टर्मिनल जोडल्यावर चेक इंजिनचा दिवा लुकलुकून आकडा सांगतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. कोड लक्षण सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. पी०१७१ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ, आणि दोष असतो फाटक्या व्हॅक्यूम नळीत.

इतके करून रिंगा गेल्याचे सिद्ध झाले, तर दोन वाटा उरतात. एक, बोअर करून हाफ इंजिनाचे काम. दुसरी, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून वापरलेले इंजिन. दुसरी वाट घेताना कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन घेऊ नये, बसवण्याआधी टायमिंग बेल्ट, गॅस्केट आणि नळ्या नव्या घालाव्यात, मूळ खरेदीचे कागद मागून घ्यावेत, आणि इंजिन क्रमांक बदलल्याची नोंद आरटीओकडून आरसी पुस्तकात करून घ्यावी. ती नसेल तर गाडीच्या पुनर्नोंदणीच्या वेळी आणि विम्याचा दावा करताना अडचण येते.