गायीची आई विचारतो, मग कुत्र्याची का नाही?

आजचा भाग जर्मन शेफर्डवर. बारामती-इंदापूर पट्ट्यात वस्तीवर राखणीला हा कुत्रा अनेकांना हवा असतो. आमच्याकडेही आहे, शेरू. आणला तेव्हा ४५ दिवसांचा होता. आठव्या महिन्यात तो पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखा. आम्ही हसायचो, रीलसुद्धा काढली. दीड वर्षाचा झाला आणि सकाळी उठताना कण्हायला लागला. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "खुब्याचा सांधा नीट बसलेला नाही. हे रक्तातूनच आलंय."

या आजाराला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत घट्ट बसायला हवा. इथे वाटी उथळ राहते, सांधा सैल होतो, हाड घासतं आणि पुढे संधिवात होतो. पिल्लू लहान असताना काहीच दिसत नाही. अमेरिकेत ओएफए ही संस्था १९६६ पासून अशा एक्स-रेंच्या नोंदी ठेवते. तिच्याकडे तपासलेल्या जर्मन शेफर्डपैकी साधारण पाचातल्या एकाचे खुबे बिघडलेले निघतात. लॅब्रॅडॉर आणि रॉटवायलरमध्येही हा आजार आहेच.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हा एका ओळीतला बग नाही. अनेक जनुकं मिळून तो घडवतात. म्हणून आई-बाप ठणठणीत असूनही एखादं पिल्लू अधू निघू शकतं. पण आई-बापांचे खुबे चांगले असतील तर धोका बराच कमी होतो.

दुसरा आजार डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. साधारण आठ वर्षांनंतर मागचे पाय लटपटतात, पंजे घासत चालतो आणि शेवटी कंबर जाते. खुब्याच्या आजारात दुखतं, यात दुखत नाही. २००९ साली एसओडी१ या जनुकातला बदल याच्याशी जोडला गेला. तो आई आणि बाप दोघांकडून आला तर धोका असतो, तरी आजार होईलच असं नाही. गालाच्या आतल्या बाजूने घेतलेल्या नमुन्यावरून ही तपासणी होते.

तिसरं, पोट फुगून पीळ पडणं. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये हे जास्त होतं, घराण्यातही उतरतं. पोट टम्म झालंय, उलटीसाठी उबळ येतेय पण काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. काही तासांत जीव जातो.

आता मुद्द्याचं. गाय घ्यायला गेलो की आपण काय विचारतो? कितवं वेत, किती लिटर, आईला दूध किती. रेतन करताना वळूच्या आईचंही दूध बघतो. आणि कुत्रा घेताना? रंग, कान आणि केसीआयचा कागद. तो कागद वंशावळ सांगतो, खुबा कसा आहे ते सांगत नाही.

म्हणून पिल्लू घेताना हे विचारा:

१. आई-बापांच्या खुब्याचा एक्स-रे दोन वर्षांच्या वयानंतर काढलाय का?
२. एक्स-रे नसेल तर आईला चालताना, उठताना बघू द्याल का?
३. आधीच्या वेतातली पिल्लं कुठे आहेत, आता कशी चालतात?

आणखी एक. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे आमचा ४५ दिवसांचा सौदाच चुकला होता.

पिल्लू घरी आलंच असेल तर वजन आवरा. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर एक अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या कुत्र्यांना २५ टक्के कमी खाणं दिलं. ती सरासरी १३ वर्षं जगली, बाकीची ११.२. सांधेही उशिरा बिघडले. वाढत्या वयात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कॅल्शियमची बाटली देऊ नका. लहान वयात जादा कॅल्शियम शरीराला आवरता येत नाही, हाडांची वाढ बिघडते. गुळगुळीत फरशीवर पोतं टाका. जवळ एक्स-रेची सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

शेरू आता चार वर्षांचा आहे. वजन उतरवलंय, थंडीत गोळी लागते. दिसायला मात्र अजून राजबिंडा. मागच्या महिन्यात एकजण मेटिंगसाठी विचारायला आला, बदल्यात एक पिल्लू देतो म्हणाला. आबा तयार होते. मी त्यांना एक्स-रे दाखवला आणि विचारलं, "आबा, हा वळू असता तर तुम्ही याचं रेतन घेतलं असतं का?"

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्या माणसाला म्हणाले, "चहा घ्या, पण कुत्रा नाही मिळायचा."

तुमचा कुत्रा सशासारखा पळत असेल तर व्हिडिओ काढा, पण आधी डॉक्टरांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!