घरच्या सर्व्हरची पारख : २०१० ते २०२३

घरी सर्व्हर करायचा म्हटले, की पूर्वी जुन्या पीसीत दोन हार्ड डिस्क घालून काम भागायचे. २०१० मध्ये एचपीचा प्रोलायंट मायक्रोसर्व्हर आला आणि हौशी मंडळींच्या अपेक्षा बदलल्या. प्रोसेसर अवघा १.३ गिगाहर्ट्‌झचा, पण चार डिस्कची जागा होती, शिवाय चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅमही चालायची. वेगाआधी भरवसा पाहण्याची सवय लागली.

रॅमची ही काळजी उगाच नव्हती. गूगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात सुमारे ८ टक्के रॅम मॉड्यूलमध्ये चुका सापडल्या होत्या.

डिस्कने मात्र खरी परीक्षा पाहिली. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले आणि किमती भडकल्या. पुढच्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलने खास नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या साठवणीसाठी, ‘रेड’ डिस्क आणली. एप्रिल २०२० मध्ये उघड झाले, की २ ते ६ टीबीच्या काही रेड मॉडेलांत एसएमआर तंत्र आहे आणि ग्राहकांना ते सांगितलेलेच नाही. या तंत्रात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. एक बदलायचा, तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एरवी हे जाणवत नाही. पण एक डिस्क गेली, नवी बसवली आणि झेडएफएस ही फाइल प्रणाली तिच्यावर तासन्‌तास सलग लिहू लागले, की वेग कोसळतो. कधी तर नवी डिस्कच बाद ठरते. तेही राखीव प्रतीची सर्वाधिक गरज असताना! पुढे कंपनीने ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या सीएमआर तंत्राच्या डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या काढल्या. तेव्हापासून जाणकार आधी मॉडेल क्रमांक पाहतात.

मग पाळी आली विजेची. घरचा सर्व्हर चोवीस तास चालू असला, तरी बहुतेक वेळ त्याला काम नसते. सतत ६० वॅट म्हणजे वर्षाला सुमारे ५२५ युनिट. १५ वॅट म्हणजे १३१.

म्हणूनच २०२३ मध्ये इंटेलचा चार कोअरचा, ६ वॅटचा एन१०० लोकप्रिय झाला. त्यात मेमरी चॅनेल एकच आणि इतर चिप व कार्डांशी डेटाची ये-जा करणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या लेन नऊ. त्यामुळे अशा मदरबोर्डवर डिस्क जोडायचे सहा साटा पोर्ट दिसले, तर त्यातले किती वेगळ्या चिपवर आहेत आणि त्या चिपला किती लेन मिळाल्या आहेत, हे मॅन्युअलमधल्या आकृतीत आधी पाहावे लागते.