महाजालाचा विळखा आणि समोरासमोरचे बोलणे

हदगाव (जि. नांदेड), प्रतिनिधी : हदगावच्या बसस्थानकात नांदेडकडे जाणारी एसटी उशिरा आली, तर पूर्वी त्या खोळंब्याच्या गप्पा होत असत. कोणाच्या रानात सोयाबीनला शेंगा कशा धरल्या, हळदीला काय भाव फुटला, तामश्याकडे पाऊस झाला की नाही, अशी चौकशी चाले आणि ‘तुम्ही कोण गावचे?’ या साध्या प्रश्नातून दोन अनोळखी माणसांमध्ये दूरची का होईना, सोयरीक निघे. एसटी आजही उशिरा येते. बाकावरची माणसे मात्र माना खाली घालून आपापल्या पडद्यात गढलेली असतात आणि शेजारी बसलेला कोण गावचा, हे गाडी नांदेडला पोचेपर्यंत कळत नाही.

बसस्थानकावरचा हा अबोला फारसा बाधत नाही. बाधतो तो घरातला. रात्रीच्या जेवणाला चार माणसे एका पंगतीला बसतात, पण एकाच्या हातात क्रिकेट, दुसऱ्याच्या हातात मालिका, तिसऱ्याच्या हातात कोणा अनोळखी माणसाचा नाच आणि वाढणारीच्या ओट्यावर पाककृतीची चित्रफीत, असे दृश्य नांदेड, लातूरसारख्या शहरांत आणि हदगावसारख्या तालुक्याच्या गावांतही सारखेच दिसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोणाशी बोलायचे, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नाही, कारण तो विचारायलाही कोणीतरी मान वर करावी लागते.

या प्रश्नावर महाराष्ट्रातील खेड्यांनीही बोंब मारली, हे पाहण्यासारखे आहे. 

पैनगंगेपलीकडचा ठराव

हदगाव तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये या गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला आणि नियम मोडणाऱ्यास दंड आकारण्याचेही ठरवले. करोनाच्या काळात शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती दिलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही परत घेता आला नाही, हे त्यामागचे कारण होते. ते कारण एकट्या बान्सीचे नव्हते. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास राज्य शासनाने परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. जवळजवळ पावणेदोन वर्षे ज्या वस्तूला ‘अभ्यास’ म्हटले गेले, तिलाच एका सकाळी ‘वाईट सवय’ म्हणणे सात-आठ वर्षांच्या मुलाला कसे पटावे?

बान्सीचा ठराव गाजला. त्यात धैर्य होते, पण एक उणीवही होती. सारा नियम मुलांसाठी होता. बापाने पारावर बसून मोबाइल पाहायचा आणि मुलाने तो पाहिला तर दंड, ही व्यवस्था मुलांना न्याय्य वाटणे अवघड. मुले ऐकतात त्यापेक्षा पाहतात अधिक, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते.

सातचा भोंगा

त्याच वर्षी, काही महिने आधी, सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने निराळी वाट धरली होती. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाची सभा भरली. सरपंच विजय मोहिते यांच्यापुढे तक्रार होती ती शिक्षकांची आणि घरातील बायकांची : शाळा पुन्हा भरू लागली, तरी मुलांचे चित्त पुस्तकात नाही. गावात बहुतेक कुटुंबे ऊस पिकवणारी किंवा साखर कारखान्यात कामाला जाणारी. प्रारंभी पुरुषमंडळींनी ही कल्पना हसण्यावारी नेली, असे त्या वेळच्या वृत्तांतून दिसते. बायका मात्र ठाम राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १५ ऑगस्टपासून, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद करायचे, साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून लोकांना समजावत होते. मराठवाड्यात उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीनेही पुढे संध्याकाळच्या दोन तासांचा असाच नियम केला.

वडगावच्या भोंग्यात विशेष काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. एकट्याने मोबाइल बाजूला ठेवणे कठीण असते, कारण इतर सगळे तेथेच असतात. मित्रांच्या गटात रात्री आठ वाजता काही ठरले आणि आपणच नव्हतो, ही भीती मुलालाही असते आणि बापालाही. भोंगा ती भीतीच काढून टाकतो. सातच्या ठोक्याला सगळेच बाहेर पडले, तर कोणाचे काही चुकत नाही. शिवाय समोर बोलायला माणूस मोकळा असतो. मोबाइल बंद करणारा एकच आणि घरातले बाकीचे त्यातच बुडालेले असतील, तर त्या बिचाऱ्याने गप्पा मारायच्या तरी कोणाशी? शहरातील स्वयंशिस्तीचे बहुतेक संकल्प नेमके येथेच मोडतात.

थट्टेतून जन्मलेला आजार

‘इंटरनेटचे व्यसन’ हा शब्दप्रयोग थट्टेतून आला, हे अनेकांना ठाऊक नसेल. न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये आपल्या व्यवसायातील रोगनिदानाच्या जाडजूड ग्रंथांची टर उडवण्यासाठी एका काल्पनिक आजाराची लक्षणे लिहिली. लोकांनी मात्र ती गांभीर्याने घेतली आणि आपल्याला हाच आजार आहे, असे कळवू लागले. त्याच सुमारास किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ खरोखरच अशा रुग्णांचा अभ्यास करीत होत्या. जुगाराच्या व्यसनाचे निकष घेऊन त्यांनी आठ प्रश्नांची चाचणी तयार केली. त्यांपैकी पाच किंवा अधिक प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर व्यसन समजावे, अशी ती कसोटी होती. किती तास, यापेक्षा काय बिघडले, याकडे त्या प्रश्नांचा रोख अधिक होता. वापर कमी करण्याचा प्रयत्न वारंवार फसतो का, घरच्यांपासून खरे लपवावे लागते का, मनातील अस्वस्थतेतून पळण्यासाठी हा आधार घेतला जातो का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते.

जागतिक आरोग्य संघटनेने मात्र अद्याप ‘इंटरनेटचे व्यसन’ असा स्वतंत्र आजार मानलेला नाही. मे २०१९ मध्ये संमत झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या अकराव्या रोगवर्गीकरणात संगणकीय खेळांच्या अनिवार्य आसक्तीला तेवढे स्थान मिळाले. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने मात्र २०१४ मध्येच तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला होता.

यातील गुंता असा की, दारू पूर्ण सोडता येते. महाजाल सोडता येत नाही. हदगावचा शेतकरी हळदीचे भाव मोबाइलवर पाहतो, पीकविम्याचा अर्ज त्यावरच भरतो. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने लातूर किंवा नांदेडला खोली घेऊन राहिलेला विद्यार्थी वैद्यकीय प्रवेश परीक्षेची व्याख्याने त्यावरच ऐकतो. पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीस गेलेल्या लेकाचे तोंड आईला दिसते तेही त्यावरच. म्हणून येथे उपाय जेवणाच्या पथ्यासारखा असावा लागतो. कडकडीत उपवास उपयोगाचा नाही.

बोट का थांबत नाही?

या वस्तूची घडणच अशी आहे की, थांबण्याची जागा सापडू नये. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, मालिकेचा भाग संपतो. पडद्यावरची ओळ मात्र बोटाने सरकवत राहिले की अखंड येत राहते. ही रचना २००६ मध्ये करणारे अमेरिकी तंत्रज्ञ आझा रास्किन यांनीच पुढे तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. दुसरी गोष्ट अनिश्चित बक्षिसाची. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले होते की, प्रत्येक टोचीला दाणा मिळण्यापेक्षा कधी मिळतो, कधी मिळत नाही, अशी व्यवस्था असली की पक्षी अधिक चिकाटीने टोचत राहतो. दहा चित्रफितींमध्ये एखादीच खरी मौजेची निघते आणि तीच पुढच्या दहा पाहायला लावते.

मग माणसे यामुळे एकाकी होतात का? याचे उत्तर वाटते तेवढे सरळ नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रॉबर्ट क्राऊट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधील ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींचा अभ्यास करून १९९८ मध्ये असे मांडले की, जे महाजाल अधिक वापरतात त्यांचे घरच्यांशी बोलणे कमी होते, गोतावळा आटतो आणि एकटेपणा वाढतो. हा निष्कर्ष जगभर गाजला. मात्र त्याच संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी त्याच लोकांपैकी अनेकांना पुन्हा गाठले, तेव्हा ते दुष्परिणाम बहुतांशी ओसरलेले आढळले. नव्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली : ज्यांना मुळातच माणसांची आवड आणि आधार आहे त्यांना महाजालाचा लाभ होतो, आणि बुजऱ्या, एकट्या माणसाला उलट अपाय. म्हणजे ज्याला मैत्रीची सर्वांत अधिक गरज, त्याचेच नुकसान अधिक. पहिली बातमी सर्वांनी छापली, दुसरी फार थोड्यांनी. हा वृत्तपत्रांचाही दोष मानावा लागेल.

पेनसिल्वेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग याहून व्यवहाराचा आहे. त्यातील एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे दिवसाला अर्धा तास, इतकाच ठेवला. तीन आठवड्यांनंतर या गटातील एकटेपणा आणि खिन्नता नेहमीप्रमाणे वापर चालू ठेवलेल्यांपेक्षा कमी झालेली आढळली. पूर्ण त्याग कोणालाच करावा लागला नव्हता.

रिकाम्या वेळेचे काय?

पण मोबाइल खाली ठेवल्यावर हाती जो तास उरतो, त्याचे काय करायचे, हे आधी ठरलेले नसेल तर हात पुन्हा खिशाकडे जातो. वडगावने त्या तासाला अभ्यास आणि वाचन जोडले होते. शहरी कुटुंबाला भोंगा मिळणार नाही, पण जेवणाची वेळ तर मिळते. सर्वांचे मोबाइल एका टोपलीत, आधी वडिलांचा आणि मग मुलांचा, इतका क्रम पाळला तरी पुष्कळ. रात्री मोबाइल उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि जागे होण्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणावे. व्यक्तींच्या फोनखेरीज बाकी सर्व सूचनांचे आवाज बंद करावेत. या गोष्टी किरकोळ वाटतात, पण बोटाला थांबण्याची जी जागा यंत्राने काढून घेतली, ती त्या परत देतात.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातला महाराष्ट्राचा अनुभवही येथे उपयोगी पडावा. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने दारू आणि गर्दच्या रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबालाही उपचारात ओढले, रुग्णांच्या पत्नींचे वेगळे गट चालवले. एकट्या माणसाला दुरुस्त करून जुन्याच घरात परत पाठवले, तर तो पुन्हा घसरतो, ही समज त्यामागे होती. मोबाइलच्या बाबतीत तर घरातले सगळेच थोड्याफार प्रमाणात रुग्ण असतात.

समोरासमोर बोलण्याची सवय मोडली की त्याची भीती वाटू लागते, हा आणखी एक अडसर. शिकागोतील संशोधक निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रेल्वे आणि बसच्या प्रवाशांवर केलेले प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अनोळखी सहप्रवाशाशी बोलावे लागले तर प्रवास कंटाळवाणा होईल, असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितले, त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा सुखाचा झाला. हदगाव-नांदेड एसटीतील कोणत्याही जुन्या प्रवाशाने हे प्रयोगाशिवाय सांगितले असते, हा भाग वेगळा.

आणि माणसे एकत्र येण्याच्या जागा या भागात अजून शिल्लक आहेत. हदगाव तालुक्यातीलच तामसा येथे बारालिंगाच्या देवस्थानात संक्रांतीनंतर भाजी-भाकरीची पंगत होते. नाना प्रकारच्या भाज्या एकत्र शिजवतात, आसपासच्या गावांतून भाकरी थापून आणतात आणि हजारो माणसे मांडीला मांडी लावून जेवतात. अलीकडे या पंगतीची छायाचित्रे मोबाइलवर फिरतात. नोकरीनिमित्त लांब गेलेल्या माणसाला ती पाहून गावाची आठवण होत असेल, तर त्यात वावगे काही नाही. पण भाकरी वाढायला हात लागतात आणि त्या वेळी तरी मोबाइल खिशात ठेवावाच लागतो.

झोप उडणे, शाळा किंवा काम बुडणे, मोबाइल काढून घेतल्यावर मुलाचा संताप मारहाणीपर्यंत किंवा स्वतःला इजा करण्याच्या धमकीपर्यंत जाणे, ही लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मराठीतूनही बोलता येते.