जुन्या साखळी-करवतीची दुरुस्ती

सन २०२० च्या जून महिन्यांत 'निसर्ग' व २०२१ च्या मे महिन्यांत 'तौक्ते' या चक्रीवादळांनीं कोंकणांतील बागांची मोठी हानि केली. आडवें पडलेलें झाड कापण्याचें साधन घरीं असणें किती अगत्याचें आहे, हें तेव्हां पुष्कळांस कळून आलें. ज्यास आपण चेनसॉ म्हणतों, ती साखळी-करवत कित्येकांच्या माळ्यावर वर्षानुवर्षें पडून असते. ती पुन्हां कामास कशी लावावी, याचा येथें विचार करूं.

लालबाग-परळांत राहून गांवची बाग राखणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कोणाची करवत हिंदमातेच्या आसपास तळमजल्यावर असेल, तर तिला पाण्याचेंहि भय असतें. कारण हा भाग सखल असून जोराच्या पावसांत तेथें पाणी तुंबतें. बुडालेल्या करवतीचा स्पार्क प्लग काढून, ती उलटी धरून पाणी निथळूं द्यावें व सिलिंडरांत थोडें पातळ तेल सोडावें.

जुनी करवत हातीं येतांच दोरी ओढून पाहण्याचा मोह होतो. तो आवरणें हा दुरुस्तीचा पहिला नियम होय. या इंजिनास वंगण पेट्रोलमध्यें मिसळूनच मिळतें. सील झिजून बाहेरची हवा आंत शिरूं लागली, कीं पेट्रोल कमी पडतें व त्याबरोबर तेलहि कमी पडतें. इंजिन कांहीं वेळ जोरांत चालतें, आणि मग पिस्टन तापून सिलिंडरांत अडकतो. म्हणून प्रथम सायलेन्सर काढून आंत पाहावें. पिस्टनवर उभे खोल ओरखडे दिसल्यास खर्चाचा अंदाज अगोदर घ्यावा.

नंतर इंधनाचा मार्ग पाहावा. टांकींतील जुनें पेट्रोल टाकून द्यावें. नळी, गाळणी व कार्बुरेटरमधील डायफ्रॅम हा पातळ पडदा नवीन घालावा. आज पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलें पेट्रोल मिळतें. हें इथेनॉल आपल्याच उंसापासूनहि होतें, हें खरें. परंतु तें हवेंतील ओलावा शोषतें व जुन्या रबरास फुगवितें. म्हणून काम संपतांच टांकी रिकामी करावी व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें.

ठिणगी मंद असल्यास जुन्या पद्धतीचे पॉइंट साफ करून त्यांतील अंतर सुमारें ०.४ मिलिमीटर ठेवावें. शेवटीं मार्ग बंद करून इंजिनांत सुमारें अर्धा बार दाब भरावा व तो टिकतो कीं नाहीं, हें जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें. निर्वात करूनहि पाहावें. कारण कांहीं सील हवा बाहेर सोडीत नाहींत, पण आंत घेतात. माहितीपत्रक हरवलें असल्यास लिटरभर पेट्रोलांत ४० मिलिलिटर चांगलें टू-स्ट्रोक तेल मिसळावें व त्याच मिश्रणावर कार्बुरेटर जुळवावा.

साखळीचे दांते एकाआड एक उजवे व डावे असतात. अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत जोसेफ कॉक्स यानें लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यांची चाल पाहून १९४७ सालीं ही रचना प्रचारांत आणली. दोन्ही बाजूंचे दांते सारख्याच लांबीचे घासावे. नाहींतर काप वांकडा जातो. तीन-अष्टमांश इंच पिचच्या साखळीस सामान्यतः ५.२ मिलिमीटरची गोल कानस लागते. पट्टीला तेल पोंचतें कीं नाहीं, हें पाहण्यास चालू करवतीचें टोंक कागदासमोर थोड्या अंतरावर धरावें. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लाकडास लागला, तर करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. अशा वेळीं साखळी थांबविणारा ब्रेक १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला. ज्या करवतीस तो नाहीं, ती दुरुस्त करून कौतुकानें जपावी. परंतु वादळांत अडकून ताणलेल्या फांद्यांवर ती चालवूं नये. तेथें ब्रेक असलेलेंच यंत्र वापरावें. झाड पुन्हां लावतां येतें, गेलेला माणूस परत येत नाहीं.