शरीर स्वतःचा तोल कसा सांभाळते

निरोगी माणसाच्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, मग बाहेर निफाडची डिसेंबरातली पहाट असो की मालेगावची मे महिन्यातली दुपार. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या अरुंद पट्ट्यात राहतो. सोडियमचे प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल आणि उपाशीपोटी साखर डेसिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम असते. बाहेर काहीही बदलले तरी आतली परिस्थिती ठरावीक मर्यादेत ठेवण्याच्या या क्षमतेला समस्थिती म्हणतात. तिची कल्पना क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडली. अमेरिकेतले वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात तिला नाव दिले आणि १९३२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

शालेय पुस्तकात श्वसन, रक्ताभिसरण, पचन, उत्सर्जन अशी प्रकरणे वेगवेगळी असतात. शिकवण्याची ती सोय आहे. शरीरात मात्र या संस्था एकमेकींशी सतत देवाणघेवाण करतात, आणि एकीची सोय पाहताना दुसरीची गैरसोय होतेच. हे नीट दिसते ते शरीरावर मोठा ताण आला म्हणजे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये असा ताण आपणहून पत्करला. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेकडच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत तेव्हा सुमारे ४,८०० किलोमीटर चालत असे. घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत थांबत नाही. दोघांनी आळीपाळीने सायकल चालवत हे अंतर ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत कापले. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ.

शर्यतीच्या सुरुवातीलाच वाळवंट लागते आणि पारा चाळिशीपार जातो. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. दीडशे वॅटच्या जोराने सायकल चालवणाऱ्याच्या शरीरात सुमारे पाचशे वॅट उष्णता तयार होत राहते. ती बाहेर पडलीच नाही, तर सत्तर किलो वजनाच्या माणसाचे तापमान तासाभरात सात अंशांनी वाढेल, म्हणजे तो तासभर जगणारही नाही. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग रक्ताचे तापमान जोखतो आणि त्वचेकडूनही वार्ता घेतो. तापमान थोडे चढले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घामाच्या ग्रंथी कामाला लागतात. हवा त्वचेपेक्षा गरम असेल तेव्हा घाम हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. दमट हवेत नुसता निथळणारा घाम शरीर थंड करत नाही, पाणी तेवढे वाया घालवतो.

इथेच पहिला पेच पडतो. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते, जोरदार व्यायामात हे प्रमाण वीस लिटरवर जाते. तेवढ्या रक्तावर स्नायूही हक्क सांगतात आणि त्वचाही, आणि घामामुळे एकूण रक्ताचा द्रवभाग घटत असतो. मानेतल्या व हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमध्ये रक्तदाब जोखणाऱ्या संवेदना-पेशी आहेत. दाब उतरू लागला की त्या मेंदूच्या लंबमज्जेला कळवतात, आणि क्षणार्धात हृदयाचे ठोके वाढतात, आतड्यांकडच्या व मूत्रपिंडांकडच्या वाहिन्या आकसतात. म्हणून वेग तोच असूनही दुपारी नाडी जास्त धावते. म्हणूनच खाल्लेले पचत नाही आणि मळमळते. पोट बिघडलेले नसते, त्याच्या वाट्याचे रक्त दुसरीकडे वळवलेले असते.

पाण्याचा हिशेब मूत्रपिंडे ठेवतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला ९९ टक्के रक्तात परत घेतात. रक्त अगदी एक-दोन टक्क्यांनी दाट झाले तरी हायपोथॅलॅमसला कळते. तो तहान जागी करतो आणि पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडायला लावतो. त्याच्या हुकमाने मूत्रपिंडे पाणी राखतात, लघवी कमी आणि गडद होते. अधिवृक्क ग्रंथींचे अल्डोस्टेरॉन मीठ राखते. या व्यवस्थेला फसवताही येते. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याने फक्त साधे पाणी ढोसले, तर रक्तातले सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत अतिपाण्यानेही मृत्यू झाले आहेत. पाणी भरपूर प्या, हा सल्ला अर्धाच आहे.

इंधनाची गोष्ट वेगळी. सगळ्या रक्तात मिळून साखर जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. ती संपू न देण्याची जबाबदारी स्वादुपिंड आणि यकृत वाटून घेतात. जेवणानंतर इन्सुलिन साखर पेशींत आणि यकृतात पाठवते, उपाशीपणी ग्लुकॅगॉन यकृतातला साठा मोकळा करते. हा साठा शंभरेक ग्रॅमचा, तर स्नायूंतला चारशे ग्रॅमच्या आसपास. काही तासांच्या कष्टांत तो उडतो. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसालाही अनेक दिवस पुरेल इतका असतो, पण चरबीतून ऊर्जा मिळते ती संथपणे. म्हणून असे सायकलपटू वेग आवरतात आणि दर तासाला थोडे थोडे खात राहतात.

वाळवंटानंतर रॉकी पर्वत येतो. कोलोरॅडोतली वुल्फ क्रीक खिंड सुमारे ३,३०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरतो. एरवी श्वासाचा वेग रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवतो. श्वास रोखल्यावर होणारी घुसमट ही ऑक्सिजन संपल्याची नसते, हा वायू साचल्याची असते. उंचीवर मात्र मानेतल्या धमन्यांजवळचे सूक्ष्म पिंड ऑक्सिजनची तूट हेरतात आणि श्वास वाढवतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि श्वसनकेंद्रच श्वास आवरू लागते. मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तिढा सोडवतात, पण त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढवण्यासाठी ती एरिथ्रोपोएटिनही सोडतात. त्याचा पुरता लाभ मिळायला आठवडे जातात. शर्यत तोवर पूर्वेला पोहोचलेली असते.

झोपेला पर्याय ठरेल अशी यंत्रणा शरीरात नाही. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जाते आणि ते उतरायला झोपच लागते. दोघांच्या संघात आळीपाळीने डुलकी तरी मिळते. एकट्याने ही शर्यत पुरी करणारे पहिले भारतीय म्हणजे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ. ते तेव्हा नाशिकला नेमणुकीवर होते. २०१७ मध्ये त्यांना ११ दिवस १८ तास ४५ मिनिटे लागली. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही एकट्याने ती पूर्ण केली. इतक्या दिवसांत आणखी एक मर्यादा उघडी पडते. काही स्पर्धकांच्या मानेचे स्नायू साफ हार मानतात, डोके वर उचलतच नाही. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर यांना हा त्रास झाला आणि दुखण्याला त्यांचेच नाव पडले. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे ठीक असूनही मान गेली की सायकल थांबते.

तापमानाच्या व्यवस्थेची मर्यादा मात्र शर्यतीपुरती नाही. नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांद्याची काढणी मार्च-एप्रिलच्या उन्हात होते, आणि तिथे राबणाऱ्यांच्या शरीरात हाच सगळा खटाटोप चाललेला असतो. वृद्धांमध्ये तहान आणि घाम दोन्ही मंदावतात, लहान मुले लवकर तापतात, आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे पाण्याच्या हिशेबात ढवळाढवळ करतात. उन्हातले जड काम सकाळी व संध्याकाळी उरकावे, सावलीत थांबावे, पाण्यासोबत मीठ-साखर किंवा ओआरएस घ्यावे. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. त्याला लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.