मेल्याशिवाय निर्दोष नाही

अॅगाथा ख्रिस्तीच्या ‘अँड देन देअर वेअर नन’ या १९३९ सालच्या कादंबरीत पॉयरो नाही, मिस मार्पल नाही. खून उकलायला कोणी गुप्तहेरच नाही. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळच्या एका बेटावर दहा माणसे जमतात. कोणाला खोट्या निमंत्रणाने बोलावलेले असते, कोणाला कामाच्या निमित्ताने. पहिल्याच रात्री जेवण उरकल्यावर ग्रामोफोनमधून एक आवाज येतो आणि प्रत्येकाचे नाव घेऊन त्याच्यावर कोणाच्या तरी मृत्यूचा आरोप ठेवतो. त्या क्षणापासून ही माणसे एकामागून एक मरत जातात. शेवट सांगितल्याशिवाय या कादंबरीवर नीट बोलता येत नाही, तेव्हा ती वाचायची राहिलेल्यांनी इथेच थांबलेले बरे. खुनी निघतो तो त्या दहांपैकीच एक, निवृत्त न्यायाधीश वॉरग्रेव्ह. कायद्याच्या हाती न लागलेल्या गुन्हेगारांना अखेर शिक्षा झाली, असा या गोष्टीचा अर्थ अनेक जण लावतात. मला मात्र ही कादंबरी न्यायाची वाटत नाही. न्यायालयाला जखडून ठेवणारे नियम काढून घेतले, की उत्तम न्यायाधीशाच्या हातूनही फक्त खूनच घडतो, हे ती दाखवते.

आधी संशयाचे पाहू. दोन-तीन मृत्यूंनंतर वॉरग्रेव्ह स्वतःच बेटावर चौकशी चालवतो. कोण कुठे होते हे तो अगदी कोर्टातल्यासारखे विचारतो आणि निष्कर्ष काढतो, की हुद्दा, प्रतिष्ठा किंवा स्वभाव पाहून कोणालाही वगळता येणार नाही. ऐकायला हे निःपक्षपाती वाटते. पण यात कायद्याचे मूळ तत्त्वच उलटे झाले आहे. न्यायालयात दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. बेटावर मात्र प्रत्येक जण संशयितच राहतो आणि त्या यादीतून सुटण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मरण. ख्रिस्तीने कथानकाची कळ नेमकी इथेच बसवली आहे. डॉक्टर आर्मस्ट्राँगला हाताशी धरून वॉरग्रेव्ह स्वतःच्या मृत्यूचे सोंग आणतो आणि मेलेल्यावर संशय कोण घेणार, म्हणून बिनधास्त पुढचे खून करतो. संशयाचा नियम त्याचा, आणि त्या नियमातली पळवाटही त्याचीच.

पुराव्याचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. हे गुन्हे त्याला कळले कसे, ते वॉरग्रेव्ह आपल्या कबुलीजबाबात सांगतो. नोकर जोडप्याने म्हाताऱ्या मालकिणीला औषध दिले नाही, हे एका डॉक्टरच्या बोलण्यातून कळले. शल्यविशारदाने दारूच्या अमलाखाली शस्त्रक्रिया केल्याचे एका बडबड्या नर्सकडून. जनरलने बायकोच्या प्रियकराला मरणाच्या तोंडी धाडल्याचे क्लबातल्या गप्पांमधून. व्हेरा या गव्हर्नेसने आपल्या हवाली केलेला मुलगा बुडू दिला, हे जहाजावर भेटलेल्या तिच्या दुरावलेल्या प्रियकराकडून. हा सगळा ऐकीव पुरावा. वॉरग्रेव्हच्या न्यायालयात कोणी असा पुरावा मांडला असता, तर त्याने ज्यूरीला तो कानाआड करायला सांगितले असते. आणि ग्रामोफोनने खुद्द वॉरग्रेव्हवर ठेवलेला आरोप, निरपराध सीटनला फासावर चढवल्याचा, तेवढा खोटा ठरतो. सीटन खरोखरच दोषी होता. खोट्या आरोपातला तो एकटा माणूसच खुनी निघतो.

यावर कोणी म्हणेल, की पुरावा कच्चा असेल, पण माणसे तर दोषी होतीच ना? होती. पण ते आपल्याला ठाऊक आहे, कारण लेखिका आपल्याला त्यांच्या मनात नेते. समुद्र दिसला की व्हेराला तो बुडणारा मुलगा आठवतो, हे वाचकाला दिसते. ही सोय जगातल्या कुठल्याच न्यायाधीशाला नसते, वॉरग्रेव्हलाही नव्हती. आपले समाधान त्या अंतर्ज्ञानावर उभे आहे आणि त्याचे श्रेय आपण नकळत खुन्याला देऊन टाकतो.

शिक्षेचा क्रमही तपासण्यासारखा आहे. ज्यांचा दोष कमी त्यांना आधी मारायचे, म्हणजे भीतीचा छळ त्यांना कमी भोगावा लागेल, असा वॉरग्रेव्हचा हिशेब. बेदरकारपणे मोटार हाकून दोन मुलांचे बळी घेणारा मार्स्टन मुळात पश्चात्तापाच्याच पलीकडचा, म्हणून तो पहिला आणि झटपट जातो. सगळ्यात जास्त काळ होरपळते ती व्हेरा. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात ते तिच्या बाबतीत शब्दशः घडते: खोलीत फास टांगलेला असतो, पण त्यात मान ती स्वतः घालते. म्हणजे या न्यायात ज्याला मनाची टोचणी नाही तो स्वस्तात सुटतो आणि जिला ती आहे तिला जबर शिक्षा. धर्मनिष्ठेचा अभिमान बाळगणारी एमिली ब्रेंट तोंडाने सगळे नाकारते, तरी डायरी लिहिता लिहिता ग्लानीत तिचा हात खुनी म्हणून त्याच मोलकरणीचे नाव लिहितो, जिला तिने घराबाहेर काढले आणि जिने मग जीव दिला. अपराधभाव माणसाला आतून कसा पोखरतो हे ख्रिस्तीला पक्के कळले होते. वॉरग्रेव्हला तेही कळते, पण तो त्याचे हत्यार करतो.

शेवटचा आक्षेप असा, की हे निव्वळ कोडे आहे, त्यात एवढे तत्त्वज्ञान कशाला शोधायचे? याचे उत्तर लेखिकेनेच देऊन ठेवले आहे. १९४३ साली तिने याच कथेचे नाटक केले. रंगभूमीसाठी दोघांना जिवंत ठेवायचे ठरले, तेव्हा तिने व्हेरा आणि दहांपैकीच आणखी एक असलेल्या लोम्बार्डला निरपराध करून टाकले. नुसते कोडे असते, तर कोण वाचतो याचा दोषाशी संबंध आला नसता. इथे दोषाचा धागा सैल केल्याशिवाय शेवट बदलताच येत नाही.

कादंबरीत मात्र दहा मृतदेहांपुढे स्कॉटलंड यार्ड हतबल होते आणि सत्य कळते ते समुद्रात सोडलेल्या बाटलीतल्या चिठ्ठीतून. आपल्या करामतीची दाद मिळावी म्हणून वॉरग्रेव्हने ती लिहिलेली असते. निकालपत्रात असावे ते सगळे तिच्यात आहे: आरोप, कारणे, शिक्षा. अपील करायला मात्र मागे कोणीच उरलेले नसते.