अंगातल्या यंत्राचा निरोप

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला पेसमेकर बसवायचे ठरले की दोन प्रश्न उठतात. पैसे किती लागतील? आणि हे यंत्र अंगात करंट तर सोडणार नाही ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यात मिळते. दुसऱ्याचे विज्ञानाला विचारू या.

संपूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर स्वीडनमध्ये १९५८ साली वापरला गेला. तो मुका होता. आजचे अनेक पेसमेकर बोलके आहेत. ठोक्यांची नोंद आणि बॅटरीची स्थिती ते रेडिओ लहरींनी बाहेर कळवतात. ही सोय मिळाली तर किनवट-उदगीरकडच्या रुग्णाचे मोठ्या शहराचे हेलपाटे कमी होऊ शकतात.

निरोप पाठवतो तो अँटेना. अशा यंत्रांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा वापरतात. या लहरीची लांबी हवेत सुमारे ७४ सेंटीमीटर असते, तर पाणीदार स्नायूत जेमतेम १०. त्यामुळे अँटेना लहान करता येतो. पण हवेत जुळवलेला अँटेना अंगात बिघडतो आणि शरीरातला खारट ओलावा बरीचशी लहर गिळून टाकतो. चरबीत आणि स्नायूतही त्याचे वागणे वेगळे.

म्हणून माणसाआधी परीक्षा होते ती द्रावणात. पाणी, साखर, मीठ ठराविक प्रमाणात मिसळले की विजेच्या दृष्टीने ते स्नायूसारखे वागते. त्यात अँटेना बुडवून किती शक्ती उलट परतते ते मोजतात. दहाव्या हिश्श्याहून कमी परतली तर जुळणी साधली. बाहेर जाणारी शक्ती २५ मायक्रोवॅटच्या मर्यादेत ठेवतात, म्हणजे एका वॅटचा चाळीस हजारावा भाग. भीतीचे कारण नाही.

या विद्येचा पाया आपल्या दाराशी आहे. नांदेडला विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधक द्रवांत अतिवेगवान विद्युत स्पंद सोडतात आणि परतलेल्या स्पंदावरून त्या द्रवाचा विद्युत स्वभाव ओळखतात. द्रवाचा हा स्वभाव कळल्याखेरीज अंगातला अँटेना आखता येत नाही.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. प्रयोगशाळेची रीत तीच. तिच्या तक्त्यात पाणी, मीठ, चरबी यांचे रकाने असतात; जातीचा रकाना नसतो.

पेसमेकर असलेल्यांनी मोबाईल वरच्या खिशात ठेवू नये. यंत्रापासून किमान १५ सेंटीमीटर, म्हणजे सहा इंच, दूर ठेवावा. यंत्राचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे.

माता-पित्यांनो, लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांत आपली मुले डॉक्टर होण्यासाठी झटतात. एखाद्याचा नंबर हुकला तर खचू नका. भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या वाटेनेही रुग्णाच्या हृदयापर्यंत पोचता येते. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, त्यात हेही आले.

जयभीम!